हातोडीची खूण आणि यंत्राची चित्रफीत

(त्वष्टा कासार ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्यापारविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. विषय नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अल्पमोली साधनांनी आपल्या मालाच्या छोट्या जाहिरात-चित्रफिती कशा कराव्यात आणि त्या करताना कोणती मर्यादा पाळावी, हे मी आज सांगणार आहे.

पेशवाईत कोकणातून पुण्यास आलेल्या आपल्या पूर्वजांनी कसबा पेठेत तांबट आळी नांदती केली. हातोडीचा नाद हीच त्या काळी आळीची जाहिरात होती. आजचे गिऱ्हाईक मात्र बंगळुरास किंवा लंडनला घरबसल्या मोबाईलवर भांडी निवडते. आपला नाद तेथवर पोहोचवावयाचा, तर चित्रफितीवाचून गत्यंतर नाही.

आणि हे काम धनिकांचेच आहे, असेही समजू नये. दादासाहेब फाळके यांच्यापाशी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपून 'अंकुराची वाढ' ही लहानशी चित्रफीत तयार केली. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. साधन अल्प होते, युक्तीही होती. परंतु वाटाणा खरोखरच उगवला होता. माझ्या आजच्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे.

आता कृतीकडे वळू. तीस सेकंदांची चित्रफीत पुरेशी आहे. तिच्यात पाच-पाच सेकंदांची सहा दृश्ये घ्यावीत : पत्र्याची कापणी, भट्टीत लाल झालेले तांबे, घडणारा आकार, मठारकाम, कल्हई करताना नवसागराचा उठणारा पांढरा धूर आणि शेवटी घरात पाण्याने भरून ठेवलेला तांब्या. मोबाईल उभा धरावा, कारण रील व शॉर्ट्स उभ्याच चौकटीत पाहिल्या जातात. दाराजवळचा सकाळचा उजेड विकतच्या दिव्यांहून चांगला. संगीताची भर घालू नये. ठोक्याचा आवाजच राहू द्यावा.

येथपर्यंत यंत्राचा संबंध नाही. तो यापुढे येतो. चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांना मालाची खरी माहिती द्यावी आणि निवेदन आटोपशीर करून घ्यावे. हिंदी-इंग्रजी भाषांतरही त्यांच्याकडून होते. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रमही त्याच कामासाठी आहे. कॅनव्हासारख्या साधनात दृश्ये जोडावीत, अक्षरे बसवावीत. यांपैकी बरेचसे काम विनामूल्य मर्यादेतच होते. मात्र प्रत्येक ओळ घरातील जाणत्या माणसाने वाचून पाहावी. 'तांब्याचा तांब्या' यातील धातू कोणता आणि भांडे कोणते, याचा उलगडा यंत्राला होईलच असे नाही. यंत्राने काढलेल्या चित्रात देवनागरी अक्षरेही पुष्कळदा विद्रूप होतात. म्हणून दुकानाचे नाव आपण स्वतः टंकित करावे.

आता मर्यादेविषयी. गूगलने २०२५ साली आणलेले व्हिओ ३ हे साधन एका वाक्यावरून आठ सेकंदांचे सध्वनी दृश्य निर्माण करते. कारागीर न बोलावता, भट्टी न पेटवता मठारकाम पडद्यावर दिसू शकते. हा मोह मोठा आहे आणि तो आपण टाळलाच पाहिजे. मठाराची खूण ही केवळ नक्षी नव्हे. प्रत्येक ठोक्याने तांबे दबते, कठीण होते, भांड्यास बळकटी व झळाळी येते. खूण ही त्या श्रमाची साक्ष आहे. यंत्राला त्या खुणेचे रूप तेवढे ठाऊक असते. ज्या भांड्यावर कोणाचा हात फिरलेला नाही, ते दाखवून मागणी घ्यावी आणि दुसरेच भांडे पाठवावे, याला आपल्या वाडवडिलांनी कोणते नाव दिले असते?

कायदाही येथे स्वस्थ नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्याच वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खऱ्यासारखे भासणारे कृत्रिम दृश्य असल्यास तसे जाहीर करण्याचे बंधन यूट्यूबनेही २०२४ पासून घातले आहे. परंतु दंडाहून मोठी हानी वेगळीच आहे. साच्यात दाबून काढलेल्या भांड्यांचा विक्रेताही उद्या तसेच दृश्य क्षणात निर्माण करील. मग त्याच्या आणि आपल्या मालात ग्राहकाने भेद कशावरून करावा? खरा हात, खरी भट्टी, खरा ठोका एवढेच आपल्यापाशी उरते. तेच बनावट केले, तर आपण स्वहस्ते आपला पुरावा नष्ट केला असे होईल.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे की, ज्ञातीतील तरुण-तरुणींनी वृद्ध कारागिरांजवळ बसून त्यांच्या कामाचे चित्रण करावे. त्यांची संमती घ्यावी, त्यांचे नाव दाखवावे आणि मोडलेल्या वेळेचा योग्य मोबदला त्यांस द्यावा. संमतीवाचून त्यांचा आवाज वा चेहरा यंत्राकडून घडवून घेऊ नये. या चित्रणाचा संग्रह मंडळापाशी राहिला, तर लहानात लहान दुकानदारासही, त्याच कारागिराचा माल विकताना, त्यातून आपली चित्रफीत करता येईल. आणि चित्रणाच्या निमित्ताने हातोडीशेजारी बसलेल्या एखाद्या मुलाने उद्या ती हातोडी उचलली, तर या उद्योगाचे खरे चीज झाले, असे मी समजेन.

यंत्राने आपले शब्द जुळवावेत, आपला निरोप दूरवर न्यावा. भांडे मात्र आपणच घडवावे.