तलावाएवढे पाणी आणि तलावातले पाणी



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी येथे गणित मराठीतून शिकवले. म्हणून मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने आज अवकल समीकरणाला हात घालावा, हे धाडस आपण गोड मानून घ्याल.

माझा नातू ज्या तलावावर पोहावयास जातो, तेथील व्यवस्थापक म्हणाले, ‘पाच तासांत सगळे पाणी गाळून निघते.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे; अर्थाने मात्र फसवे. समजा, तलाव ५०० घनमीटरचा आहे आणि पंप ताशी १०० घनमीटर पाणी ओढतो. पाच तासांत तलावाएवढे पाणी गाळणीतून जाते हे खरे. पण गाळलेले पाणी त्याच तलावात परतते, न गाळलेल्यात मिसळते आणि त्यातलेच काही पुन्हा गाळले जाते. ‘तलावाएवढे’ आणि ‘तलावातले सगळे’ यांमधील अंतर मोजावयास समीकरण लागते.

ते असे वाचावे : मळ घटण्याचा ताशी वेग हा त्या क्षणी उरलेल्या मळाचा एक पंचमांश असतो. ‘त्या क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) ग्रहांची तात्कालिक गती सांगितली, ती याच जातीची कल्पना. पाणी पूर्ण ढवळले जाते आणि गाळणी तिच्यापर्यंत आलेला सारा मळ अडवते असे धरले, तरीही पाच तासांनी सुमारे ३७ टक्के मळ उरतो, दहा तासांनी १४ आणि वीस तासांनी जवळजवळ २. गेज आणि बिडवेल यांनी १९२६ साली पोहण्याच्या तलावांसाठी हाच नियम मांडला.

मुले पाण्यात असताना तर मळाची भर पडतच असते. मग तो शून्याकडे जात नाही. ताशी जेवढी भर, तिच्या पाचपटीकडे स्थिरावत जातो. मुले दुप्पट, तर मळही दुप्पट. क्लोरीन असते, हे मान्य. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसाराचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये आठवड्याहून अधिक तग धरतो, आणि साध्या वाळूच्या गाळणीतून निसटूही शकतो. म्हणजे वरचा हिशेब उदारच म्हणावयाचा.

आपल्यापैकी कोणी एखाद्या तलावाचे विश्वस्त असतील, त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : तलाव किती घनमीटरचा, पंप ताशी किती पाणी ओढतो आणि रात्री तो चालू असतो का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वीजबिलातही शोधता येईल.