जुळलेली नोंद
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)

मी ‘बायोइन्फॉर्मॅटिक्स’ हा विषय सांगितला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “काका, तुम्ही तर बँकेतले!” अहो, म्हणूनच तर घेतला. नोंदीशी नोंद जुळवणे हेच त्यातले मुख्य काम. आम्ही ते लेजरवर बोट ठेवून करायचो, इथे संगणक करतो.

आपल्या शरीरातली प्रथिने म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा. प्रत्येक आम्लाला एक अक्षर दिले की माळेचा मजकूर होतो, आणि मजकूर संगणकाला शोधता येतो.

कॅलिफोर्नियातले रसेल डूलिटल असे छापून आलेले क्रम संगणकात भरून ठेवत. माकडांना कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाचा क्रमही त्यांत होता. १९८३ साली रक्तातल्या प्लेटलेट्समधल्या, जखम भरायला मदत करणाऱ्या एका प्रथिनाचा थोडा क्रम प्रसिद्ध झाला. त्यांनी तो आपल्या यादीशी ताडून पाहिला आणि काय, दोन्ही जुळले! पेशींना ‘वाढा’ सांगणारा शरीराचाच निरोप विषाणूने उचलला होता. जखम भरली की हा निरोप थांबतो, विषाणूचा थांबत नाही. कॅन्सरचे एक कोडे असे नोंदी ताडून उलगडले.

पण मंडळी, जुळले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. आमच्या शाखेत एकदा ५०० रुपयांचा फरक निघाला. दुसऱ्या खात्यात ५०० ची नोंद दिसली, मी खुशीत दुरुस्ती करून टाकली. दुसऱ्या दिवशी कळलं, ते पैसे भलत्याच माणसाचे! ५०० कुठेही सापडतात हो. ४,८३७ रुपये ६५ पैसे जुळले असते तर गोष्ट वेगळी.

संगणकालाही हाच धोका. नोंदी जितक्या जास्त, तितके योगायोगही जास्त. म्हणून १९९० साली आलेला ‘ब्लास्ट’ हा प्रोग्राम प्रत्येक जुळणीपुढे एक आकडा देतो: एवढ्या साठ्यात असे साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल? आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका भरवसा जास्त. त्यानंतरही प्रयोगशाळेत पडताळणी लागतेच. डूलिटल यांच्या शोधाचीही पुढे झाली.

आता जनुक-तपासणीचे रिपोर्ट आपल्याही घरात येऊ लागलेत. त्यात काही ‘सापडले’ असे दिसले तर लगेच हाय खाऊ नका, आणि कागद कपाटातही टाकू नका. डॉक्टरांना विचारा, “ही जुळणी ५०० ची, की ४,८३७ रुपये ६५ पैशांची?”