आधी जमा, मग मागणं



माणूस गेल्यावर त्याच्या घरी काय बोलावं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. चुकत चुकतच ते कळतं. माझी चूक आज तुम्हाला सांगणार आहे.

माझे मामा लोणावळ्याला तुंगार्लीकडं राहायचे. ज्येष्ठात गेले. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. बाहेर पावसाची पहिली झड लागलेली, आत चार माणसं गप्प बसलेली आणि माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या कुलूपबंद कपाटाकडं. त्यात मामांची दुनळी बारा बोअर होती आणि आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. माझी शेती पवन मावळात. रानडुकरं भुईमूग ठेवत नाहीत, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना माझ्याकडंही आहे, एका बंदुकीचा. कायद्यानं आणखी एकीला जागा होती. लहानपणापासून त्या दुनळीवर माझा डोळा. बोलून गेलो, "मामी, बंदुकांचं काय ठरवलंय? द्यायच्या झाल्या तर मला सांगा, मी रीतसर विकत घेईन."

मामींनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "चहा टाकू का तुला?" आणि आत गेल्या.

चहा आला, उत्तर आलं नाही. आपल्या घरांतून नकार असाच येतो, पातेल्याच्या आवाजात. घोट घशाखाली उतरेना.

आता म्हणाल, यात बंदुकीचं विशेष काय? गेलेल्या माणसाची पेटी, पुस्तकं, स्कूटर, काहीही असं मागितलं तर वाईटच दिसतं. खरं आहे. पण पेटी वर्षभर कोपऱ्यात पडून राहिली तर कुणाचं बिघडत नाही. बंदुकीचा परवाना माणसाच्या नावावर असतो आणि तो माणसाबरोबर संपतो. 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणं घरच्यांनी ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायची असते. सुतकाला कायदा थांबत नाही. म्हणजे बंदुकीचा विषय काढणं जसं वाईट, तसं जाणत्या नातेवाइकानं तोंड मिटून बसणंही वाईटच. मी विषय काढला यात चूक नव्हती. स्वतःच्या गरजेपासून काढला, ही चूक.

हे मला उमजलं ते दहाव्याला. इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवलेला आणि कावळा काही शिवेना. तुम्हाला ठाऊक आहे, अशा वेळी एकेक जण पुढं होऊन गेलेल्याला शब्द देतो. मामेबहीण म्हणाली, आईकडं मी बघीन. कावळा फांदीवरच. कुणी म्हणालं, घर विकणार नाही. तरी नाही. शेवटी मामेभाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमच्या बंदुका घराबाहेर जाणार नाहीत." आणि कावळा उतरला.

कावळा भुकेला होता की मामा ऐकत होते, त्यात मी पडत नाही. पण मागच्या रांगेत मी मान खाली घालून उभा होतो. ज्या वस्तूचा मी भाव करायला निघालो होतो, तिच्यात जीव अडकलाय असं त्या घराला वाटत होतं.

आणि का वाटू नये? आजोबांनी या दोन्ही बंदुका शिकारीसाठी वापरलेल्या. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर बंधनं आली आणि बंदुका कपाटात गेल्या. त्यानंतर मामांनी त्यांच्यासाठी केलं काय, तर तेलपाणी. लोणावळ्याच्या पावसात चार महिने गादीलासुद्धा बुरशी धरते, तिथं लोखंडाची काय कथा! दर रविवारी फडका घेऊन बसायचे. तिसरी एक रायफल होती. 2019च्या दुरुस्तीनं एका माणसाला दोनच बंदुकांची मर्यादा घातली आणि जास्तीची जमा करायला वर्षाची मुदत दिली. तिसरी गेली तेव्हा आठ दिवस मामा धड जेवले नव्हते. परदेशात म्हणे भिंती भरून बंदुकांचे संग्रह असतात. आपल्याकडं संग्रह म्हणजे दोन, आणि त्या दोघींचीही नावं सरकारदरबारी.

तेराव्यानंतर मामेभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, शब्द दिलाय खरा, पण मी पुण्यात, मला यातलं काही कळत नाही. तूच घेऊन जा आज. घरातल्या घरातच राहतील."

श्रोतेहो, प्रेमानं पुढं केलेली ही गोष्ट मात्र हात जोडून नाकारायची. माझ्या परवान्यावर नोंद नसलेली बंदूक माझ्या गाडीत म्हणजे गुन्हा, मग ती मामाची असो की देवाची. "जरा सांभाळायला" हा शब्द कायद्यात नाही.

मग मी मामींजवळ बसलो आणि या वेळी मागणं बाजूला ठेवलं. म्हणालो, "मामी, निवडणुकीला मामा बंदुका ठाण्यात जमा करायचे ना, तशाच आता जमा करू. पावती मिळते. जमा केल्या म्हणजे गेल्या नाहीत. पुढं वारसाच्या नावानं परवाना घेता येतो, नाहीतर मुदतीत रीतसर विकता येतात. कुणी करायचं, काय करायचं, ते तुम्ही तिघं सावकाश ठरवा."

निवडणुकीचं उदाहरण त्यांना लगेच पटलं. त्या पावत्या त्यांनीच तर डब्यात जपलेल्या. परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन भाऊ आणि मी ठाण्यात गेलो. काडतुसंसुद्धा मोजून दिली. ती डब्यात विसरतात लोक.

जमा करण्यात किती सौजन्य आहे, ते मला त्या दिवशी दिसलं. पावती हातात आली आणि घरातली घाई संपली. ज्याला घ्यायचंय त्यानं आधी ही घाई संपवून द्यावी. मग एकदाच, सगळ्यांसमोर विचारावं. सगळ्यांसमोर म्हणजे सासरी गेलेल्या मुलीसमोरसुद्धा. वारस म्हणून एकाच्या नावावर करायचं तर बाकीच्यांची लेखी संमती लागते, आणि लागत नसती तरी तिचा बाप होता तो. भाव आपण सांगू नये, विक्रेत्याला सांगायला लावावा. नात्यात स्वस्त मागणं म्हणजे दुःखावर सूट मागणं. ठासणीची निकामी दिसली तरी "ही काय, शोभेची" म्हणून उचलू नये. कालबाह्य आणि दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या हत्याराला कायद्यात सूट आहे, पण ते तसं आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा त्या कपाटाकडं पाहूसुद्धा नये.

मी पाहिलं नाही. पावसाळा सरला. खंडेनवमीला मामींचा फोन आला, जेवायलाच ये. गेलो. पाटावर दरवर्षी दोन बंदुका मांडलेल्या असायच्या. या वेळी तिथं विळी, कोयता आणि मामांचा तेलाचा फडका होता, घडी घालून, वर झेंडूचं फूल. मामेभाऊ होता, बहीणही सासरहून आलेली.

जेवणं झाल्यावर मामींनी चहा आणला. कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "दुनळीचं काय म्हणत होतास रे तू?"

चार महिने त्यांनी तो प्रश्न जपून ठेवला होता. ठासणीची त्या स्वतःच्या नावावर मागणार होत्या, अर्ज तयार होता. दुनळीवर तिघांचं आधीच बोलणं झालेलं. मी भावाकडं पाहिलं. म्हणालो, "पण याचा शब्द? घराबाहेर जाणार नाहीत म्हणाला होता."

मामी म्हणाल्या, "भाच्याचं घर बाहेर कधीपासून झालं?"

विक्रेत्यानं सांगितलेला भाव मी कागदावर लिहून दिला. त्यांनी तो वाचला नाही, फडक्याखाली ठेवला. विक्रीची लेखी माहिती दिल्यावर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, हेही सांगितलं. मामी म्हणाल्या, "थांब की मग. तोवर तो फडका घेऊन जा. त्याला परवाना लागत नाही ना?"