खिशांतील गाणें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कांहींना हसूं येईल. मोबाईलवर गाणीं उतरवून घेणें आणि तीं वाजविणें, हा काय भाषणाचा विषय झाला? घरांतील आठ वर्षांचें पोरही तें करतें, असें तुम्ही म्हणाल. तें खरें आहे. पोर करतें, आणि आजोबा त्याजकडून करवून घेतात. परंतु जें सर्वांसच करतां येतें त्याविषयीं कोणी कोणास कांहीं विचारीत नाहीं. आणि न विचारल्यामुळें पुष्कळ घरांतून जें मुकाट्यानें नाहींसें होत चाललें आहे, त्याविषयीं चार शब्द बोलावे म्हणून मीं हा विषय घेतला आहे.

मी पाली येथें राहतों. बीडहून सोलापूरच्या वाटेस लागलें कीं थोड्याच अंतरावर हें गांव लागतें, आणि बिंदुसरेचें धरण आमच्या अगदीं शेजारीं आहे. नदी पावसाळ्यांत वाहते; उन्हाळ्यांत कामास येतें तें अडवून ठेवलेलें पाणी. गाण्याचेंही तसेंच आहे. मोबाईलवर गाणें दोन प्रकारांनीं ऐकतां येतें. एका प्रकारांत तें दूरच्या कोठल्या तरी यंत्रांतून आपल्याकडे वाहत येतें, वाजतें आणि निघून जातें. त्यास ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात, आणि त्या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळीं वाहणें असा आहे. दुसऱ्या प्रकारांत गाणें एकदां उतरवून आपल्याच यंत्रांत सांठवावयाचें. मग रेंज असो वा नसो, महिन्याचें रिचार्ज संपलेलें असो, तें वाजतें. या सांठविलेल्या गाण्यास फाईल म्हणतात. सरकारी परिभाषेंत ‘धारिका’ असा शब्द आहे. पण गाण्याची धारिका उघडा असें म्हटलें तर माझा नातूसुद्धां माझ्याकडे संशयानें पाहील, तेव्हां मी आपला फाईलच म्हणतों.

आतां ही फाईल म्हणजे काय? ध्वनि म्हणजे हवेचें कंपन, हें आपण शाळेंत शिकलों. त्या कंपनाचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन ते आंकडे लिहून ठेवले म्हणजे सीडीवरील गाणें तयार होतें. पांच मिनिटांच्या गाण्याचे हे आंकडे सुमारें ५३ मेगाबाइट जागा अडवितात. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं यावर जी युक्ति काढली, ती यंत्राकडे पाहून नव्हे, तर माणसाच्या कानाकडे पाहून काढली. पोळ्याच्या दिवशीं हलगी कडाडूं लागली म्हणजे शेजारच्या बैलाच्या गळ्यांतील घुंगुरमाळ वाजत असूनही ऐकूं येत नाहीं. मोठ्या आवाजाच्या आड लहान आवाज झांकला जातो. मग जें कानास ऐकूंच येत नाहीं तें लिहून ठेवावयाचें कशाला? तेवढें गाळलें, आणि तेंच गाणें पांच मेगाबाइटांत बसूं लागलें. या फाईलींच्या नांवास ‘एमपी३’ हें शेपूट १९९५ सालीं जोडण्यांत आलें. गाळणी बेताची असेल तर कानास कांहीं कळत नाहीं; पण जागा वांचविण्याच्या लोभानें ती फार कडक लावली, तर पहिला बळी पडतो तो तंबोरा. त्याची जवारी जाऊन नुसती भुणभुण उरते. चित्रपटांतील गाण्यास तें चालत असेल. ख्यालास चालत नाहीं.

एके काळीं दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे, आणि अब्दुल करीमखांसारख्या गवयासही आपला राग तेवढ्या मापांत बसवावा लागे. आज नखाएवढें चौसष्ट जीबीचें कार्ड घेतलें तर त्यांत एक हजार तासांहून अधिक गाणें राहतें. दररोज आठ तास ऐकलें तरी तें चार महिने पुरावें. चार महिन्यांचा हा हिशेब मीं उगाच केलेला नाहीं. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कारखान्यांच्या भोंवतीं कोपी घालून तीं राहतात, आणि गळीत हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेंत असतांना मीं हें फार जवळून पाहिलें आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली म्हणजे निम्मीं बांकें रिकामीं असत. त्या बिऱ्हाडांच्या सामानांत, पीठ, तेल आणि कोयते यांच्याबरोबर, भरलेलें मेमरी कार्ड असे.

‘भरलेलें’ हा शब्द शहरांतील श्रोत्यांना कदाचित् सांगावा लागेल. साधारणपणें वीस वर्षांपूर्वीं मोबाईलवर गाणें वाजूं लागलें, पण इंटरनेट मात्र महाग होतें. तेव्हां तालुक्याच्या गांवीं मोबाईलच्या दुकानांत दहा-वीस रुपये दिले कीं दुकानदार आपल्या संगणकांतून कार्ड भरून देई. दोन जीबीच्या कार्डांत चारशें गाणीं सहज मावत. भक्तिगीतें, भीमगीतें, लावण्या, चित्रपटांतील गाणीं, आणि ज्यांचा कोणताच वर्ग सांगतां येत नाहीं अशीं गाणीं, सर्व एकत्र. उसाच्या फडांत झाडाच्या फांदीला मोबाईल टांगावयाचा आणि त्याच्या तालावर कोयता चालवावयाचा. मराठींतील कोणत्याही मासिकापेक्षां या कार्डांनीं गाणें अधिक दूरवर पोंचविलें असें माझें मत आहे.

हा व्यापार कायद्यास धरून नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क तें प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षें चालतो, आणि गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षें. दुकानदाराच्या वीस रुपयांतील एक पैसाही गाणाऱ्यास मिळाला नाहीं. आजही अशीं गाणीं फुकट वांटणारीं संकेतस्थळें पुष्कळ आहेत. तेथून उतरविणें म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यांतील ऊस मोडून खाणें होय. विकत घेऊन उतरवितां येतें तेथें विकत घ्यावें. नाहीं तर ज्यांची मुदत संपली आहे अशीं जुनीं मुद्रणें शोधावीं.

५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. कार्ड भरण्याच्या पाट्या हळूहळू उतरल्या. ज्यास पाहिजे तें गाणें मागतांच मिळूं लागलें, तेव्हां सांठवण्याची दगदग कोण करील? गाण्याच्या निरनिराळ्या ॲपमध्यें ‘डाउनलोड’ असें एक बटण असतें, आणि तें दाबलें कीं गाणें आपलें झालें अशी समजूत होते. ती बरोबर नाहीं. तें गाणें कुलूप घातलेल्या पेटींत येतें आणि किल्ली कंपनीकडे राहते. स्पॉटिफायवर उतरविलेलीं गाणीं ठेवावयाचीं तर तीस दिवसांतून एकदां तरी इंटरनेटला जोडून हजेरी द्यावी लागते. वर्गणी थांबली कीं ऐकणेंही थांबलें. गूगलनें आपली ‘प्ले म्यूझिक’ ही सेवा २०२० सालीं बंद केली, तेव्हां लोकांनीं तेथें ठेवलेलीं गाणीं ठराविक मुदतींत दुसरीकडे हलवावीं लागलीं. भाड्याच्या खोलींत राहण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. मीही राहिलों आहें. पण भाड्याची खोली स्वतःचें घर समजूं नये.

गाणें आपल्या फाईलींत सांठविलें म्हणजे सर्व झालें काय? नाहीं. माझें मुख्य सांगणें येथूनच पुढें आहे.

एमपी३ फाईलीच्या शेवटीं एक लहानशी चिठ्ठी जोडण्याची पद्धत १९९६ सालीं निघाली. ही चिठ्ठी अवघ्या १२८ अक्षरांची. त्यांत गाण्याच्या नांवास तीस अक्षरें, गायकास तीस, संग्रहास तीस, सालास चार, टिपणीस तीस. कवीस स्वतंत्र जागाच नव्हती! पुढील सुधारणांनीं ती मिळाली आणि देवनागरींत लिहिण्याचीही सोय झाली. परंतु लिहिणार कोण? दुकानांत भरलेलीं कार्डें उघडून पाहा. गाण्याचें नांव ‘ट्रॅक सात’, आणि गायकाच्या जागीं ज्या संकेतस्थळावरून तें उचललें त्याची जाहिरात. गाणें हजारों कोसांवर गेलें आणि ज्याचें तें होतें त्याचें नांव वाटेंत गळून पडलें. आपले संत या बाबतींत फार सावध होते. तुकाराम, नामदेव, जनाबाई यांनीं आपली नाममुद्रा अभंगाच्या पोटांतच घातली. शेवटचें चरण म्हटल्याशिवाय अभंग पुरा होत नाहीं आणि नांव घेतल्याशिवाय चरण पुरें होत नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जानचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें, तेव्हां गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारी. पुष्कळांना ती ऐट वाटते. पण तबकड्या छापल्या जात जर्मनींत, हॅनोव्हर शहरीं. तेथील कारागिरांस कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव चिकटवावयाचें हें कळावें, म्हणून ही योजना होती.

प्रसिद्ध गायकांचें नांव कोणी तरी शोधून काढील. ज्यांचें कोणी काढणार नाहीं त्यांचें काय? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या होत्या. आई वारली, मोबाईल बदलला, कार्ड देव्हाऱ्यांतील डबींत राहिलें. गेल्या वर्षीं तो तें घेऊन माझ्याकडे आला. नशीब असें कीं कार्ड अजून वाचतां येत होतें. वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या कार्डांतील मजकूर विरून जाऊं शकतो. त्यांत सातशेंच्या वर फाईली निघाल्या. कित्येक व्हॉट्सअॅपवरून आलेल्या, म्हणजे नांवाच्या जागीं तीन इंग्रजी अक्षरें, तारीख आणि अनुक्रमांक, एवढेंच. दोन संध्याकाळ आम्ही एकेक फाईल उघडून ऐकत बसलों. मध्यें डीजेचीं गाणीं, निवडणुकीचे भोंगे, कोणाच्या बारशाचा गोंगाट. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीस जात्याची घरघर ऐकूं आली. चार मिनिटें आणि कांहीं सेकंद. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी पुन्हां लावूं कीं नको या विचारांत तसाच राहिलों.

पण ती एकटी गात नव्हती. जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला आणखी एक बाई होती. तिचा आवाज आईपेक्षां चढा, आणि पहिला चरण तीच उचलीत होती. ओव्या बहुधा तिच्याच. ती कोण, हें मुलास सांगतां येईना. आम्ही गांवांतील दोन वृद्ध स्त्रियांना ऐकविलें. एकीनें एक नांव सांगितलें, दुसरीनें भलतेंच. अजून ठरलेलें नाहीं.

याच्या उलट एक काम पाहा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगर वस्तींतील स्त्रियांच्या, बाबासाहेबांवरील ओव्यांचें ध्वनिमुद्रण १९९६ सालीं झालें. हीं मुद्रणें आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकावयास मिळतात, आणि तेथें गाणारीचें नांव, गांव, तालुका, जिल्हा हें सर्व लिहिलेलें असतें. गिरणी आल्यावर जातीं कोपऱ्यांत गेलीं. त्या बायकांपैकीं कित्येक आतां हयात नाहींत. पण कोणी गायिलें, हें विचारण्याची पाळी तेथें येत नाहीं.

तेव्हां आज घरीं एवढें करावें. मोबाईलमध्यें ‘फाईल्स’ नांवाचें चित्र असतें, तें उघडून आपलीं गाणीं कोणत्या कप्प्यांत आहेत हें प्रथम पाहावें. उतरविलेलीं एका कप्प्यांत, व्हॉट्सअॅपचीं दुसऱ्यांत, स्वतः घेतलेलीं तिसऱ्यांत, अशीं तीं विखुरलेलीं असतात. जें ठेवण्यासारखें असेल त्यावर बोट दाबून धरलें म्हणजे नांव बदलण्याची सोय दिसते. तेथें मराठींतच लिहावें: कोणी गायिलें, कोठें, कोणत्या सालीं. मग त्याची एक प्रत दुसऱ्या जागीं, पेनड्राईव्हवर किंवा मुलीच्या संगणकावर, टाकावी, आणि वर्षांतून एकदां ती वाजवून पाहावी. कार्ड बसविण्याची खांचच नसलेले मोबाईल आतां पुष्कळ निघाले आहेत. जुनें कार्ड डबींत असेल तर तें वाचणारें यंत्र मिळतें आहे तोंवर काढून घ्यावें.

आणि घरांत कोणी वडील माणूस ओवी, पाळणा, भूपाळी म्हणणारें असेल, तर फाईलीच्या नांवावर सुद्धां विसंबूं नये. तें कोणीही बदलूं शकतो. मुद्रण सुरू करतांच आपण स्वतः मोठ्यानें नांव, गांव आणि तारीख उच्चारावी. बरोबर आणखी कोणी गात असेल तर तिचेंही नांव विचारून घ्यावें, माहेरच्या गांवासकट. मग यंत्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवावें, पंखा बंद करावा, आणि त्या म्हणत असतां मध्यें बोलूं नये.