पायऱ्या कुठे आहेत?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आत्ता माझी ओळख 'स्कुबा डायव्हिंग व्यावसायिक' अशी करून दिली. ऐकायला बरं वाटलं. पण मालवणात कोणी विचारलं तर मी सांगतो, हवा भरून देतो. सायकलच्या दुकानात भरतात तशीच, दाब तेवढा जास्त.

किती जास्त? आमची नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटरची. तिच्यात २०० बारने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ २०० पट दाबाने हवा भरतात. एवढा दाब सोसणारी टाकी बाहेरून कायम छान दिसते. बिघाड असतो तो आत. म्हणून वर्षातून एकदा वाल्व उतरवून आत दिवा सोडून बघायचं, आणि दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची. म्हणजे टाकीत पाणी भरून नेहमीपेक्षा दीडपटीहून जास्त दाब द्यायचा आणि दाब सोडल्यावर ती मूळ मापावर येते का ते मोजायचं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा फुगलेली राहिली तर बाद. ही चाचणी हवेने का करत नाहीत, हे विज्ञानाच्या सरांना विचारा. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी हवेसारखा स्फोट होत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा नाताळ. किल्ल्याजवळ होड्यांची रांग, आमच्याकडे दुपारपर्यंतचं बुकिंग फुल्ल. आपल्याच वर्गातला एक मित्र पुण्याहून बायको-मुलीला घेऊन आला होता. मुलीसाठी टाकी होडीत आडवी ठेवताना मला आतून आवाज आला. खळ्ळ. टाकीत पाणी!

ती टाकी बाहेरच्या एका सर्व्हिस सेंटरमधून दोन महिन्यांपूर्वीच आली होती. अशा एकूण बारा. सगळ्यांवर तपासणीचा नवाकोरा स्टिकर, बिल चुकतं केलेलं. मी ती टाकी बाजूला घेतली, हवा हळूहळू सोडली, वाल्व उतरवला. खारं पाणी, आणि तळाला पांढरी भुकटी. दोन महिन्यांत साठावी एवढी ती नव्हती. वाल्वच्या ओ-रिंगला तडे गेलेले. म्हणजे तो वाल्व कोणी उघडलाच नव्हता. स्टिकर मात्र चिकटवला होता.

मी त्या बाराच्या बारा टाक्या बंद केल्या. गिऱ्हाईकं ओरडली, पैसे परत दिले. मित्राची मुलगी रडवेली झाली. तो म्हणाला, "अरे, एवढ्याशा पाण्याने काय होतंय?" त्याला ती भुकटी दाखवली, मग गप्प बसला.

सेंटरला फोन केला. "स्टिकर आहे ना?" एवढंच उत्तर. मी टेम्पोत टाक्या घालून तिकडे गेलो आणि म्हटलं, आता माझ्यासमोर उघडा. संध्याकाळपर्यंत उभा राहिलो. बारापैकी दोन टाक्या आतून खड्डे पडून बाद निघाल्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला विचारलं, "पाणी शिरलं कसं?" आणि मी निरुत्तर झालो. कारण चूक आमचीही होती. आमची मुलं टाकी पार रिकामी करून आणत, वाल्व उघडाच ठेवून धूत. आत दाब असेल तर पाणी शिरत नाही. थोडी हवा राखायची, ही साधी गोष्ट मी त्यांना कधी शिकवलीच नव्हती. त्या सेंटरवर जेवढा चिडलो होतो, त्यातला अर्धा राग माझ्यावर यायला हवा होता.

परतताना गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर बरोबर असलं तरी वहीवर लाल शेरा असायचा, "पायऱ्या कुठे आहेत?" तेव्हा फार राग यायचा, बाई. स्टिकर म्हणजे नुसतं उत्तर. पायऱ्या न बघता मीही त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

आता पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा प्रत्येक टाकी माझ्यासमोर उघडते. प्रत्येकीच्या नावाने वहीत एक पान आहे. कधी उघडली, आत काय दिसलं, ओ-रिंग कधी बदलली, कोणी बघितलं, त्याची सही. टाकी ३० ते ४० बार शिल्लक असतानाच वर आणायची, हा मुलांना नियम आहे.

तुम्ही कुठेही पाण्यात उतरलात, तर टाकी पाठीवर घेण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा. ही शेवटची कधी उघडली? आत कोणी बघितलं? विचारल्यावर जो चिडेल, त्याच्याकडे उतरू नका.

त्या मित्राची मुलगी पुढच्या वर्षी परत आली आणि उतरली. आधी वही मागून घेतली, पान वाचलं, मगच टाकी घेतली.

बाई, ती वही आज सोबत आणली आहे. जेवणानंतर तपासून द्याल का?