वाढप्याने विचारले पाहिजे



लग्नाच्या पंगतीला तुम्ही पुष्कळदा बसला असाल. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वरणभात हे सारं पानात न मागता येतं. पण मठ्ठ्याचं भांडं आतच राहिलं आणि वाढप्याने त्याचं नाव घेतलं नाही, तर पाहुणा तसाच हात धुवायला उठतो. मागाहून यजमान म्हणतात, "मठ्ठा होता की! मागितला का नाहीत?" आता, जे आहे हेच ठाऊक नाही, ते मागायचं कसं?

आज मी संगणकाविषयी बोलणार आहे. पण प्रश्न हाच आहे. नवा मोबाइल प्रथम सुरू केला की तो एकामागून एक प्रश्न विचारतो. आपण उत्तर द्यायचं आणि 'पुढे' हे बटण दाबायचं. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक नव्या कामाची मांडणी करतात, तेव्हा त्यांच्यापुढेही प्रश्नांचा असाच क्रम येतो. त्याला ते 'विझार्ड' म्हणतात. त्यातले काही प्रश्न आवश्यक, काही ऐच्छिक. ऐच्छिक सोय घेतली नाही तरी काम अडत नाही. आणि अडत नाही म्हणूनच ती कोपऱ्यात पडते. ती माणसाला सापडावी कशी, हा प्रश्न वाटतो किरकोळ. पण त्यात कधी एखाद्या भाषेचं, तर कधी कुणाच्या जिवाचं हित गुंतलेलं असतं.

आमच्या अँटॉप हिलजवळ, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपाशी, मुंबई पूर्व विभागाचं प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. ज्या गाड्यांच्या पाटीवर 'एमएच ०३' असतं, त्या इथल्या. वाहन चालवण्याच्या परवान्याचा अर्ज आता संगणकावर भरतात, आणि तो अँटॉप हिलला जसा, तसाच तुमच्या तालुक्यालाही. नाव, पत्ता, रक्तगट यांच्या सोबतीला त्यात एक ऐच्छिक प्रश्न आहे. अपघाती मृत्यू आल्यास अवयवदान करण्याची तुमची तयारी आहे का? अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्याला हा प्रश्न कुणी वाचून दाखवला नाही, तर असा काही प्रश्न होता हेच त्याला कळत नाही. परवाना मिळतो, काही अडत नाही. पुढे दुर्दैवाने प्रसंग आला, तर रुग्णालयातले लोक नातेवाइकांची संमती मागतात, आणि त्या माणसाची इच्छा काय होती हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या अभ्यासकांनी २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, तुम्ही दाते नाही असं धरलं आहे. हवं तर बदला. तिथे ४२ टक्के दाते झाले. दुसऱ्याला सांगितलं, तुम्ही दाते आहात असं धरलं आहे. नको तर बदला. तिथे ८२ टक्के दाते राहिले. तिसऱ्या गटाबाबत काहीच गृहीत धरलं नाही, सरळ विचारलं. तिथे ७९ टक्के लोकांनी होकार दिला! म्हणजे पुष्कळांच्या मनात होकार होता. त्यांना समोरासमोर विचारण्याचाच काय तो अवकाश होता.

पण नुसतं विचारून भागत नाही. विचारणं ऐकणाऱ्याच्या शब्दांत हवं. २००१ साली विंडोज एक्सपी ही संगणकप्रणाली आली. तिच्यात देवनागरी होती, मराठीही होती. पण ती आपोआप बसत नसे. त्यासाठी भाषेच्या मांडणीत जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ तबकडी मागे. त्या चौकटीशेजारी इंग्रजीत काय लिहिलेलं होतं? 'संमिश्र लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवा', आणि कंसात 'थाईसह'. आता सांगा, मराठी शाळेतल्या कोणत्या गुरुजींना वाटावं की आपली बाराखडी या थाईच्या कंसाआड बसली आहे? खूण केली नाही की अक्षरांच्या जागी चौकोन दिसत, नाही तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसे. पाहणारा म्हणे, "संगणकाला मराठी येत नाही." मराठी येत होती, पण तिचं नाव पाटीवर नव्हतं. पुढे २००७ साली सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ही सोय मुळातच चालू ठेवली, आणि ती चौकट शोधण्याचं कारण संपलं.

शब्दांइतकीच वेळही महत्त्वाची. आपले प्रोग्राम इतरांना पाहता यावेत म्हणून लोक ते गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवतात. समजा, एका शिक्षकाने गणिताच्या सरावाचा छोटा प्रोग्राम लिहून तिथे ठेवला. दुसऱ्या शाळेला त्यात फेरफार करून तो वापरायचा आहे. पण १९५७च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याखाली प्रोग्राम ही लेखकाची साहित्यकृती समजली जाते. परवानगी लिहून ठेवलेली नसेल तर दुसऱ्याने बदल करून वाटणं रीतसर ठरत नाही. ही परवानगी जोडणं ऐच्छिक, म्हणून पुष्कळांच्या ध्यानातूनच जाई. २०१३ साली गिटहबने परवान्यांची यादी नवं काम उघडण्याच्या पहिल्याच पानावर आणली आणि कोणत्या परवान्याने काय साधतं हे सोप्या भाषेत समजावलं. त्यानंतर परवाना जोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. तरीही बहुतेक कामं विनापरवानाच राहिली, असं २०१५ साली त्याच संस्थेने सांगितलं. तात्पर्य, योग्य वेळी विचारल्याने फरक पडतो. सगळंच साधतं असं मात्र नाही.

मग प्रत्येक सोय पहिल्याच पानावर मांडावी का? मुळीच नाही. वीस प्रश्न विचारले तर माणूस एकविसाव्याला डोळे मिटून 'पुढे' दाबतो. आणि आग्रहाचा वाढपीही आपल्याला ठाऊक आहे. 'नको, नको' म्हणेपर्यंत पानात जिलेबी पडलेली! संगणकावर हा आग्रह आधीच खूण केलेल्या चौकटीतून होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की आधीच केलेली खूण म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानेही संमती ही स्पष्ट कृतीने दिलेली असावी असं म्हटलं आहे.

तेव्हा आमच्या महाविद्यालयांतून जी मुलं उद्या असे विझार्ड घडवणार आहेत, त्यांना माझं सांगणं एवढंच. सोयीला वापरणाऱ्याच्या तोंडचं नाव द्या. ती कशासाठी आहे आणि तिची किंमत काय, हे एका ओळीत सांगा. जिथे तिची गरज मनात येईल तिथेच विचारा. आणि 'आज नको' म्हणणाऱ्याला उद्या ती कुठे सापडेल, तेही सांगून ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडूनही एक अपेक्षा आहे. शाळेत नवं यंत्र आलं, की त्याची मांडणी बंद खोलीत उरकू नका. चार मुलं भोवती बसवा. एकाने प्रत्येक पान मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने ऐच्छिक गोष्टींची नावं फळ्यावर लिहावीत. हवी ती घ्यावी, नको ती सोडावी. पण समजून सोडावी. घरात कुणी वाहनाच्या परवान्याचा अर्ज भरत असेल, तर तो शेवटचा प्रश्नही त्याला वाचून दाखवा. उत्तर 'हो' असो वा 'नाही', ते त्याने स्वतः दिलेलं असावं, आणि घरच्यांच्या कानी पडलेलं असावं.