आधी भाकर, मग वाट

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त दिमोना येथे केलेले भाषण)



मी काही वक्ती नाही. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, 1982 साली इस्राएलला आले आणि बाकीचे आयुष्य वॉर्डात गेले. तेव्हा सांगणार आहे ते वॉर्डात आणि घरात पाहिलेलेच. विषय आहे आपली तरुण मुले, त्यांचे मन आणि त्यांच्या पोटापाण्याची वाट. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. माझ्या अनुभवाने त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि एकीला सोडून दुसरी सुटत नाही.

मलिद्याचे ताट मांडले की आपण एलियाहू हन्नाबीची आठवण करतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण दाखवतात, तेथे आपल्यापैकी किती तरी जण नवस फेडून आले असतील. पण त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आपण फारसा सांगत नाही. तो राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात आहे. राणी ईझेबेल जिवावर उठली म्हणून ते पळाले, बीरशेबाला आले, सोबतच्या गड्याला तेथे ठेवले आणि एकटेच एक दिवसाची वाट रानात चालून गेले. म्हणजे आपल्याच या नेगेवमध्ये. तेथे रोतेमच्या झुडपाखाली बसून त्यांनी देवाजवळ मरण मागितले. एवढा मोठा नबी, पण त्याचेही मन थकले.

अशा वेळी देवदूताने काय केले? उपदेश केला नाही, रागेही भरला नाही. त्याने भाकर आणि पाणी पुढे ठेवले व त्यांना पुन्हा निजू दिले. परत उठवले, परत खायला दिले, कारण पुढची वाट लांब होती. ते चालत होरेब पर्वतावर पोहोचल्यावरच देवाने विचारले की तू येथे काय करतोस. मग त्यांना काम नेमून दिले आणि अलीशासारखा सोबती दिला. म्हणजे आधी भाकर आणि झोप, मग वाट, मग प्रश्न, मग काम आणि सोबत. आपण मात्र आपल्या घरात नेमका उलटा क्रम लावतो. मुलगा सैन्यातून सुटून आला की आठ दिवसांत आपला पहिला प्रश्न असतो, "पुढे काय?"

मी स्वतः अशीच चुकले, म्हणून हे सांगण्याचा मला थोडासा हक्क आहे.

आम्ही या गावात आलो तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना कापडगिरणीत काम मिळाले. तुला काय येते, काय आवडते, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. माझ्याजवळ डिप्लोमा होता, पण हिब्रू नव्हती. वॉर्डात औषधाचे नाव कळे, रोग्याचे बोलणे कळत नसे. एके दिवशी मी चादरींच्या खोलीत जाऊन रडत बसले होते. मोरोक्कोहून आलेली एक वयस्कर सिस्टर आत आली. तिने पहिल्यांदा विचारले, "काही खाल्लंस का?" आपल्या डब्यातला अर्धा पाव मला दिला. दुसऱ्या दिवसापासून ती मला रोज दहा शब्द शिकवू लागली. ताप, कळ, उलटी, चक्कर असे वॉर्डातलेच शब्द. त्या शब्दांच्या जोरावर मी पुढे परीक्षा दिली आणि माझी नोकरी टिकली. आज मागे पाहिले तर वाटते, तो अर्धा पाव मिळाला नसता तर ते दहा शब्दही माझ्या डोक्यात शिरले नसते.

एवढे शिकूनही स्वतःच्या मुलाच्या वेळी मी ते विसरले. तो 2005 साली सैन्यातून सुटला. रात्रभर जागायचा, दिवसा झोपायचा. दार आपटले की दचकायचा. मित्रांचे फोन घेत नसे. मी रोज कामावरून आले की त्याच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "सायकोमेट्रीला बस, कुठे तरी नाव घाल, शेजारच्यांचा मुलगा बघ कुठे पोहोचला." शंभर रोग्यांच्या झोपेची नोंद ठेवणारी मी, माझ्या घरातल्या एका माणसाची झोप मला दिसली नाही. मला तो आळस वाटला. कोणाला सांगावे तर भीती वाटे की लोक काय म्हणतील, उद्या लग्न कसे जमेल.

त्याला हात दिला तो आपल्याच सिनेगॉगमधल्या एका काकांनी. ते निवृत्त हश्मलाई होते, आज ते हयात नाहीत. किद्दूशच्या वेळी ते त्याला म्हणाले, "मंगळवारी माझ्याबरोबर चल. शिडी धरायला माणूस पाहिजे." बस, एवढेच. दर मंगळवारी दोघे कोणाच्या ना कोणाच्या घरी वायर बदलायला जात. काका फारसे बोलत नसत. दुपारी दोघे मिळून खात. दोन महिन्यांनी मुलाने आपणहून त्यांना सांगितले की रात्री डोळे मिटले की काय काय दिसते. काकांनी त्याला शहाणपण शिकवले नाही. ते म्हणाले, "हे माझ्या पकडीने दुरुस्त होणारं नाही. डॉक्टरकडे जाऊ या, मी बाहेर बसतो." आणि ते खरोखरच दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहिले. उपचार चालू राहिले, मंगळवारही चालू राहिले. पुढे माझा मुलगा हंदसाईचा अभ्यासक्रम पुरा करून विजेच्या कामातच लागला.

पुष्कळ वर्षांनी तो मला म्हणाला, "आई, तू रोज विचारायचीस, पुढे काय? मला तर त्या रात्रीचं काय करायचं हेच कळत नव्हतं." हे ऐकून मला वाईट वाटले, पण बरेही वाटले की तो बोलला.

आता मुलांनंतर नातवंडांची पाळी आली आहे. 7 ऑक्टोबर 2023 नंतर आपली किती तरी नातवंडे महिनोन्महिने मिलुईमवर राहिली. कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले, कोणाची नोकरी गेली, कोणाचा जवळचा मित्र गेला. त्यांना आपण काय देऊ शकतो? पैसा आपल्यापैकी थोड्यांजवळ आहे. पण वेळ आहे, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कसब आहे. शिवण, सुतारकाम, हिशेब, स्वयंपाक, रुग्णसेवा. या देशात पेराख नावाची एक योजना 1970 च्या दशकात वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पेराख म्हणजे फूल. तीत कॉलेजचे विद्यार्थी आठवड्यातले काही तास एकेका लहान मुलाला देतात आणि त्यांच्या फीला हातभार लागतो. एका मुलामागे एक माणूस, ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, हीच तिची साधी रीत. विशीतली मुले हे करू शकतात, तर साठी-सत्तरीतल्या आपल्याला का जमू नये?

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. ती नर्स म्हणून सांगते.

पहिले, दिवस ठरवा आणि तो चुकवू नका. मन खचलेल्या मुलाला आपली शंभर वचने नकोत, एक पाळलेले वचन पुरते.

दुसरे, हाताला काम देत देत बोला. समोर बसवून प्रश्न विचारले की मूल गप्प होते. शिडी धरताना, चपात्या लाटताना ते बोलते. आपली हिब्रू मोडकी आहे, असू द्या. ऐकायला व्याकरण लागत नाही.

तिसरे, झोप, जेवण आणि माणसांत मिसळणे, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप उडाली, अन्न तुटले, मूल एकटे राहू लागले, दारू वाढली, तर त्याला आळस म्हणू नका आणि नजर लागली असेही म्हणू नका. कुपात होलीमच्या डॉक्टरकडे न्या. जुलै 2015 पासून मनाचे उपचारही कुपात होलीममार्फतच मिळतात. रांग लांब असते, म्हणून लवकर नाव घाला आणि तोवर सोबत सोडू नका.

चौथे, मूल जगण्याला कंटाळल्यासारखे बोलले तर घाबरून विषय बदलू नका. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे शांतपणे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलल्याने ओझे हलके होते. एरानचा 1201 हा फोन रात्रंदिवस चालू असतो. तो नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. जिवाला तातडीचा धोका वाटला तर 101 ला फोन करा आणि मुलाला एकटे ठेवू नका.

पाचवे, धंद्याच्या वाटेची माहिती आपणही करून घ्या. सैन्यातून सुटलेल्या मुलामुलींच्या नावाने सरकार पिकादोन ठेवते. 1994 च्या कायद्याने ती रक्कम पहिली पाच वर्षे शिक्षण, धंद्याचे प्रशिक्षण, स्वतःचा धंदा, लग्न किंवा घर अशाच कामांसाठी काढता येते. थकलेल्या मनाची मुले कागदपत्रे उघडतच नाहीत आणि वर्षे निघून जातात. त्यांच्याबरोबर बसून तो कागद उघडणे, फॉर्म भरायला सोबत करणे, हीसुद्धा मनाचीच सेवा आहे. आणि सगळ्यांनी विद्यापीठातच गेले पाहिजे, हा हट्ट सोडा. हातात धंदा असलेला माणूस रात्री स्वस्थ झोपतो, हे मी घरात पाहिले आहे.

शेवटचे, जे कानावर येईल ते पोटात ठेवा. किद्दूशच्या टेबलावर एका मुलाची गोष्ट निघाली की पुढची दहा मुले तोंड उघडत नाहीत. फक्त जिवाला धोका असेल तर गप्प राहू नका.

मंडळाच्या परवानगीने गब्बाईंच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव, आपल्याला येणारे काम आणि आठवड्यातला मोकळा दिवस लिहा. दहा नावे झाली तर दहा मुलांना ठरलेला मंगळवार मिळेल. पहिले नाव मी लिहिले आहे. दुसरे माझ्या मुलाने लिहिले आहे, शिडी धरायला माणूस पाहिजे म्हणून.

आपण पासोव्हरला एलियाहू हन्नाबीसाठी पेला भरतो आणि दार उघडतो. त्याच दाराने एखादे थकलेले मूल आत आले, तर त्याला आधी खायला घालू या.

परमेश्वर आपणां सर्वांस आणि आपल्या मुलाबाळांस आयुरारोग्य देवो. आमेन. शालोम.